गाणी भरून मिळतील

मोबाइलच्या दुकानावर ‘येथे गाणी भरून मिळतील’ ही पाटी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मला हसू आलं होतं. गिरणीत पीठ, पंपावर तेल, तसं हे गाणं! आमच्या इंझोरीचा माणूस मानोऱ्याला कामानिमित्त गेला, की खताच्या पोत्याबरोबर खिशात नखाएवढं मेमरी कार्ड भरून घेऊन यायचा. वीस-तीस रुपयांत पाचशे गाणी. तुकडोजी महाराजांची भजनं, भीमगीतं, बंजारा तांड्यावरच्या होळीच्या लेंगी, हिंदी सिनेमा, आणि दुकानदारानं आपल्या मर्जीनं घातलेली चार-दोन न ऐकण्याजोगी गाणी, सगळी त्या चिपेवर गुण्यागोविंदानं नांदायची. यात कुणाची चोरी होते आहे, असं कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

वाटलं ते एका पोळ्याच्या दिवशी. पारावर भोंगा लावला होता. बैल सजून यायचे होते, तोवर मेमरी कार्डावरची भजनं चालली होती. माझ्या शेजारी गावातलेच एक म्हातारे भजनी बसले होते. ते एकदम म्हणाले, “हा आवाज माहा हाय, भाऊ.” मी हसलो. पण पुढच्या कडव्याला त्यांनी भोंग्याच्या बरोबरीनं सूर धरला, तेव्हा शंका उरली नाही. नव्वदच्या दशकात एका कॅसेटवाल्यानं त्यांना शहरात नेलं होतं. दोन दिवस गाऊन घेतलं, एकरकमी पैसे आणि एस.टी.चं भाडं दिलं, एका कागदावर सही घेतली. कागदावर काय लिहिलं होतं, ते यांनी वाचलं नाही, त्यानं सांगितलं नाही. तरी कॅसेटच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत का होईना, नाव होतं. मेमरी कार्डावर पाहिलं, तर नुसतं ‘ट्रॅक ०४७’.

“पैशाचं जाऊ द्या,” ते म्हणाले, “पण नाव काहून पुसलं?”

फुकट गाण्यांच्या वादात दोन्ही बाजूंची एवढी भाषणं ऐकली, पण हा प्रश्न मला कुणी विचारलेला आठवत नाही. कंपन्या म्हणतात, आमचं नुकसान झालं. ऐकणारे म्हणतात, गाणं म्हणजे वारा, त्याला कुंपण कसलं? गाणाऱ्याला मधे कुणी उभंच करत नाही.

वाचकहो, कॅसेटची चोरीसुद्धा काही साधुसंतांच्या राज्यात सुरू झाली नव्हती. ऐंशीच्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सीरीजनं कॅसेट स्वस्त केली. इतरांच्या गाजलेल्या गाण्यांच्या दुसऱ्या आवाजातल्या आवृत्त्या काढायला कायद्यात वाट होती, तिचा पुरेपूर उपयोग झाला. त्याच स्वस्ताईनं मात्र खेड्यातला आवाज पहिल्यांदा फितीवर आणला. मोठ्या कंपन्यांच्या तबकड्यांच्या काळात आमच्या भजनी बुवांना कोण विचारणार होतं? म्हणून त्या काळाला सरसकट शिव्या देणं मला जमत नाही. ज्या दारानं बुवा आत आले, त्याच दारानं त्यांचं नाव बाहेर गेलं.

आता कायद्याची गंमत पाहा. लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं सूट दिली. गावातल्या हौशी मंडळींनी पैसे न घेता श्रोत्यांपुढे भजन म्हटलं, तर तोही गुन्हा नाही. इथवर कायदा आमच्यासारखाच विचार करतो. पण तीच गाणी कार्डात भरून देणारा दुकानातला पोरगा मात्र सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, या कलमाखाली येतो. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली दिला. आपल्या महाराष्ट्रानं तर २००९ साली त्याही पुढचं पाऊल टाकलं. झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांना खटल्याशिवाय स्थानबद्ध करण्याचा जो १९८१ चा कायदा होता, त्यात ‘व्हिडिओ पायरेट्स’ही बसवले. लाखो सीडी छापणाऱ्या टोळीला हे कदाचित शोभेल. पण बसथांब्याजवळच्या टपरीवरचा तो पोरगा, मला काका म्हणणारा, हातभट्टीवाल्याच्या पंगतीत? त्याला मी एकदा विचारलं, तर म्हणाला, “काका, मी नाही म्हटलं, तर लोकं पुढच्या दुकानात जातात.” उत्तर खरं होतं, आणि पुरेसं नव्हतंही. कारण वीस रुपये तर तो घेतच होता.

परदेशात याच रागातून आणखी एक कल्पना निघाली. गाणी उतरवून घेणाऱ्याला दोनदा ताकीद द्यायची, आणि तिसऱ्यांदा सापडला की त्याचं इंटरनेटच तोडायचं. फ्रान्सनं २००९ साली तसा कायदा केला. तिथल्या घटना परिषदेनं त्याच वर्षी जूनमध्ये सांगितलं, की इंटरनेट हा अभिव्यक्तीचा भाग आहे, तो तोडण्याचा अधिकार प्रशासकीय मंडळाला देता येणार नाही. मग न्यायाधीशाकरवी तोडण्याची तरतूद केली, तीही २०१३ साली रद्द झाली. आपल्याकडे २०१२ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एका सिनेमापायी अख्खी संकेतस्थळं बंद पडली. मग न्यायालयालाच खुलासा करावा लागला, की चोरीचा नेमका पत्ता तेवढा बंद करा. मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ साली ‘ढिशूम’ सिनेमाच्या वेळी हाच कटाक्ष ठेवला. इंझोरीत बसून विचार केला, तर यातला शहाणपणा लगेच कळतो. पीकविम्याचा अर्ज, सातबारा, पोरांच्या परीक्षेचा निकाल, सगळं त्या एका फोनवर. एका घरात एक फोन, आणि पोरानं गाणं उतरवलं म्हणून बापाचा विमा अडवायचा? तण उपटताना आपण कपाशी उपटत नाही.

मग बुवांचं काय?

सिनेमाच्या गाण्यांवर निर्मात्याची मालकी मान्य करणारा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली दिला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी जाता जाता खंत नोंदवली होती, की गाणाऱ्याला आपल्या कायद्यात स्थानच नाही. संसदेला ते मनावर घ्यायला १९९४ उजाडलं. त्या वर्षी कलावंताचा हक्क कायद्यात आला. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांना असं संरक्षण दिलं, की मानधनातला वाटा ते कुणाला लिहूनच देऊ शकणार नाहीत. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी किल्ला लढवला. आणि त्याच दुरुस्तीत एक तरतूद आली, जिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही: सादर करणाऱ्याला आपल्या नावानं ओळखलं जाण्याचा हक्क. म्हणजे बुवांनी पारावर विचारलेला प्रश्न दिल्लीतही कुणाला तरी सुचला होता.

हक्क आला, पण तो वसूल कसा होतो? गीतकार-संगीतकारांची एक संस्था आहे, गायकांनी २०१३ साली आपली वेगळी काढली. वाजलेल्या गाण्याचे पैसे गोळा होतात ते नावानिशी वाटण्यासाठी. ‘ट्रॅक ०४७’ला कोण मनीऑर्डर धाडणार? छापे टाकून टपऱ्या बंद केल्या, तरी बुवांच्या हाती दमडी पडत नाही. फार तर कॅसेटवाल्याच्या पडते. म्हणून माझं म्हणणं, पोलिसांची गाडी धाडण्याआधी नोंदवही धाडा. वामनदादा कर्डकांची गीतं गावोगाव गायली जातात. दादा २००४ साली गेले, तेव्हा त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत चालणार. राष्ट्रसंत १९६८ साली गेले, त्यांचे शब्द २०२९ च्या पहिल्या दिवशी सर्वांचे होतील. पण त्या शब्दांना आजवर आवाज देणारे आमच्या तालुक्यातले किती जण कुठल्या वहीत आहेत? लेंगीचं तर विचारूच नका. ती कुणा एकाची नाहीच, आणि नेमकी म्हणूनच ती पहिल्यांदा छापील करणाऱ्याची होऊन बसते. आमच्या भजनी मंडळानं एकदा स्वतःचंच भजन इंटरनेटवर चढवलं, तर कुठल्याशा कंपनीचा दावा आला, की ही चाल आमची आहे! ज्या चालीवर आमच्या आज्यानं टाळ कुटले, ती.

हल्ली कार्डं भरून घ्यायला फारसं कुणी जात नाही. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि पाटी पुसट होत गेली. टपरीवरचा पोरगा आता रिचार्ज आणि आधारची कामं करतो. मागच्या महिन्यात मी बुवांना त्याच्याकडे घेऊन गेलो. त्याच्या जुन्या संगणकात ते भजन अजून होतं. गायकांच्या संस्थेचा अर्ज कसा भरायचा, ते तिघांनी मिळून वाचलं. बँकेचं पासबुक घरी राहिलं होतं, म्हणून अर्ज काही त्या दिवशी पुरा झाला नाही. पोरानं तेवढ्यात ‘ट्रॅक ०४७’ खोडून तिथं बुवांचं नाव टाकलं आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला.

बुवांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, बराच वेळ पाहिलं.

“माह्या आडनावात बाणाचा ‘ण’ हाय, बाप्पा,” ते म्हणाले. “नळाचा नाही.”