वसंतातली बिअर जानेवारीत ठरते



मार्च उजाडला की एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, उन्हाळा तोंडावर आलाय, थंड पेयांचं काहीतरी सुरू करायचंय, काय करू?" माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. या उन्हाळ्याला तुम्हाला उशीर झालाय. पैसे आणि उत्साह दोन्ही जपून ठेवा आणि पुढच्या उन्हाळ्याचं काम आजपासून धरा.

मी असं का म्हणतो, ते कळायला आज एक आडवाटेचं उदाहरण घेऊ. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, जर्मनीत हौसेने घरी बिअर बनवणारे पुष्कळ लोक आहेत. तिकडे गेलेली काही मराठी मुलंही या नादाला लागतात. हंगामी मालाचं नियोजन शिकायचं असेल तर माझ्या मते या हौशी मंडळींसारखे मास्तर नाहीत.

त्याआधी कायद्याचं बोलून घेऊ, कारण इथे गंमत चालत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार आपल्याकडे परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, आणि बिअर ही दारूच. "थोडीच बनवतोय, मित्रांनाच देतोय" ही सबब चालणार नाही. बिअरचाच धंदा करायचा असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा मायक्रोब्रुअरीचा परवाना हा रस्ता आहे, आणि तो लहान भांडवलाचा नाही. अमेरिकेतही घरची बिअर विकता येत नाही. १९७८ च्या कायद्याने तिथे सवलत मिळाली ती घरच्या वापरापुरती, वर्षाला एका प्रौढ माणसामागे १०० गॅलन, म्हणजे साधारण ३७९ लिटर. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तर २०१३ पर्यंत तेवढीही परवानगी दिली नव्हती. तेव्हा हा लेख वाचून कोणी घरात पिंप मांडू नका. आपल्याला त्यांची बिअर नको, त्यांचं कॅलेंडर हवंय.

आता बघा. समजा म्युनिकमधल्या एका हौशी माणसाला १ मे रोजी मित्रांसमोर 'मायबॉक' ठेवायची आहे. ही जर्मनांची वसंतातली बिअर, रंगाने फिकट पण अंगाने दमदार. तो कॅलेंडर उलटं वाचतो. बाटलीत गॅस भरायला दोन आठवडे, म्हणजे १७ एप्रिलला बाटल्या भरून झाल्या पाहिजेत. त्याआधी जवळजवळ शून्य अंशाच्या थंडीत आठ आठवडे मुरवण, म्हणजे २० फेब्रुवारी. त्याआधी दहा-बारा अंशांवर तीन आठवडे आंबवण, म्हणजे ३० जानेवारीला भांडं चुलीवर चढलं पाहिजे. माल्ट, हॉप्स, यीस्ट मागवायला दोन आठवडे धरा. झाला की जानेवारीचा मध्य! बाहेर बर्फ पडतोय आणि हा माणूस मे महिन्याच्या बाटल्यांसाठी ऑर्डर लिहितोय.

पण यातून "लवकर सुरू करा" एवढंच शिकलात तर अर्धंच शिकलात. त्याच माणसाला त्याच दिवशी गव्हाची बिअरही ठेवायची असेल तर ती तो जानेवारीत करणार नाही. ती दोन आठवड्यांत आंबते, दोन आठवड्यांत बाटलीत तयार होते आणि ताजी असतानाच तिची मजा. तिचा केळ्या-लवंगेसारखा वास दिवस जातील तसा उतरत जातो. म्हणून तिचं भांडं मार्चअखेर, एप्रिलच्या सुरुवातीला चढतं. दिवस एकच, माल दोन, तारखांमध्ये दोन महिन्यांचं अंतर. तुमच्या मालातलं काय मुरतं आणि काय विटतं, हे माहीत नसेल तर "उन्हाळी पेयांची रेंज" वगैरे शब्द वापरू नका.

दुसरी गोष्ट, हवामान हे यंत्र आहे. थंडीत गॅरेज आपोआप गार असतं, म्हणून मुरवणीसाठी वेगळा फ्रीज चालवावा लागत नाही. बव्हेरियात १५५३ साली फर्मानच निघालं होतं की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायचीच नाही. उन्हाळ्याच्या हवेत घाणा बिघडायचा, आंबट व्हायचा. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांची शीतयंत्रं आली तेव्हा कुठे ब्रुअरीवाले ऋतूच्या तावडीतून सुटले. आपल्याकडे पापड-कुरडयांचा घाट उन्हाळ्यात घालतात तो याच हिशोबाने, कारण गच्चीवरचं ऊन फुकट असतं. तेच काम ऑगस्टमध्ये करायचं तर ड्रायर लागतो, वीज लागते आणि मालाचा भाव बदलतो. तुमच्या कामातलं फुकटचं यंत्र कोणत्या महिन्यात चालू असतं, हे वहीत लिहून ठेवा.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर नवे उद्योजक विचारच करत नाहीत. हंगाम संपल्यावर उरलेल्या मालाचं काय?

त्या बव्हेरियन मंडळींनी यावर छान मार्ग काढला होता. उन्हाळाभर बनवता येणार नाही, मग मार्चमध्येच जरा कडक बिअर करून तळघरात ठेवायची आणि शरद लागेपर्यंत पुरवायची. तिचं नावच 'मेर्त्सेन', म्हणजे मार्चची. हीच पुढे ऑक्टोबरफेस्टची बिअर म्हणून गाजली. आपल्या शेजारी गोव्यात याहून सुंदर व्यवस्था आहे. काजूच्या हंगामात बोंडाचा रस निघतो, त्याला नीरो म्हणतात. तो ताजाच प्यायचा, नाहीतर बघता बघता आंबतो. आंबलेल्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन केलं की उर्राक. तीही हंगामापुरतीच, फार टिकत नाही. उर्राक पुन्हा गाळली की फेणी, आणि ती वर्षानुवर्षं राहते. म्हणजे एकाच बोंडातून दिवसाचा, महिन्यांचा आणि वर्षांचा असे तीन माल. पहिला विकला गेला नाही तर दुसरा, दुसरा नाही गेला तर तिसरा. २००९ मध्ये फेणीला जीआय मानांकन मिळालं हे ठीकच, पण मला तिच्यातली ही पायऱ्यांची रचना जास्त मोलाची वाटते. (गोव्यातही हे सगळं परवान्यानेच चालतं, हे पुन्हा सांगतो.)

लहान उद्योजक बुडतो तो बहुतेक इथेच. मे महिन्यात पन्ह्याला मागणी बघून तो पाचशे बाटल्यांची नवी खेप भरतो. जूनच्या पहिल्या पावसाला गिऱ्हाईक चहाकडे वळतं आणि बायकोच्या दागिन्यांवर उचललेले पैसे कपाटात बाटल्यांच्या रूपाने उभे राहतात. म्हणून माझा आग्रह असा की विक्री सुरू करायची तारीख नंतर ठरवा. उत्पादन बंद करायची तारीख आधी ठरवा. ती भिंतीवर लावा. त्या दिवसानंतर कितीही ऑर्डर आल्या तरी नवी खेप नाही, फक्त हातातला माल.

खेपेच्या आकाराबद्दलही हौशी मंडळी शहाणी आहेत. त्यांची नेहमीची बॅच पाच गॅलनची, म्हणजे साधारण १९ लिटर, पन्नासेक बाटल्या. बिघडली तर ओतून देता येते. शिवाय प्रत्येक बॅचची नोंद होते: पाणी किती, तापमान काय, कुठल्या दिवशी चव कशी लागली. हंगामी मालाची परीक्षा वर्षातून एकदाच असते, त्यामुळे वही नसेल तर गेल्या वर्षी काय केलं होतं ते या वर्षी आठवतच नाही.

घरच्या छंदातून मोठे झालेलेही आहेत. कॅलिफोर्नियातल्या चिको गावात केन ग्रॉसमन यांनी १९७६ मध्ये घरी बिअर बनवणाऱ्यांना लागणाऱ्या सामानाचं दुकान काढलं. सिएरा नेवाडा ब्रुअरीची पहिली बिअर शिजली १९८० मध्ये. मधली चार वर्षं नीट बघा. आधी सामान विकलं, गिऱ्हाईक ओळखलं, मग भांडं चढवलं.

आता आपल्या मातीतलं. कोकम पिकतं एप्रिल-मेमध्ये. म्हणजे मार्चमध्ये जे सरबत विकायचं ते गेल्या वर्षीच्या आगळाचं. हॉप्सचंही तसंच, कापणी ऑगस्ट-सप्टेंबरची आणि वापर पुढच्या वसंतात. मार्चमध्ये आगळ शोधत फिरणाऱ्याला उरलासुरला माल मिळतो, तोही चढ्या भावाने. गुढीपाडव्याच्या भरवशावर असणाऱ्यांनी पंचांग आधी उघडा. पाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला. तीन आठवड्यांचा फरक आहे. "पाडव्याला लाँच करू" म्हणणाऱ्याची कैरी एका वर्षी बाजारात मुबलक असेल, दुसऱ्या वर्षी कोवळी आणि महाग.

आणखी एक इशारा. हल्ली यीस्ट घालून जिंजर बिअर किंवा कोंबुचा करून विकायची हौस वाढली आहे. आंबवलेल्या पेयात थोडं अल्कोहोल तयार होतंच. ते ०.५ टक्क्यांच्या वर गेलं की अन्नसुरक्षेच्या नियमांत ते मद्यात धरतात. बाटली उबेला राहिली की ते वाढत जातं, गॅसने बाटली फुटूही शकते. तपासणीची सोय आणि पोहोचेपर्यंत गार ठेवायची व्यवस्था नसेल तर नवख्यांनी यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पन्हं, कोकम, आवळा यांत भरपूर काम आहे, अर्थात एफएसएसएआयची नोंदणी करूनच.

तर पुढच्या वर्षी कोकम सरबत करायचं असेल तर येत्या मे महिन्यात एक खेप कोकणात टाका. दोन-तीन घरगुती उत्पादकांकडचं आगळ चाखून बघा, मीठ किती घालतात ते विचारा, पाच-पाच लिटर घ्या, कॅनवर तारीख लिहा आणि दर दोन महिन्यांनी उघडून चव वहीत नोंदवा. डिसेंबरमध्ये तुम्हाला कळलेलं असेल की कोणाचं आगळ टिकलं.