संगणकावर मराठी युनिकोडने आणली नाही

१/ ‘युनिकोड आले आणि संगणक मराठी झाला’ हे विधान इतिहासाला धरून नाही.

२/ आयआयटी कानपूरमधील संशोधनातून जिस्ट कार्ड आकाराला आले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. ते पीसीच्या स्लॉटमध्ये बसवताच इंग्रजीपुरत्या घडलेल्या डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे.

३/ युनिकोडचा देवनागरी विभागही १९८८ च्या भारतीय ‘इस्की’ संकेतप्रणालीवर बेतलेला आहे. मग ऋण कोणाचे कोणावर?

४/ गोडदेवच्या भंगार दुकानात जुने बोर्ड किलोवर तोलले जातात. त्यांत एखादे जिस्ट कार्ड असले, तर ओळखणार कोण? ताम्रपटांवर अभिमान सांगणाऱ्यांनी हेही जपावे. आपल्या लिपीचा हाही तांब्यावरचाच पुरावा आहे.