विश्लेषण : तुमचा मोबाइल क्रमांक नेमका कोण पाहतो?

गृहकर्जाची चौकशी एका ठिकाणी करावी आणि दुसऱ्याच दिवशी भलत्याच क्रमांकांवरून ‘सर, लोन हवंय का?’ असे फोन सुरू व्हावेत, हा अनुभव नवा नाही. संशय लगेच हॅकरवर जातो. पण कुलूप फोडण्याची गरज दर वेळी असतेच असे नाही, कारण किल्ल्या आतल्याच माणसांकडे असतात.

आपली माहिती जाते कुठे?

बँक, विमा कंपनी, बिल्डर, मोटारींचे शोरूम अशा साऱ्यांकडे ग्राहकांच्या नोंदी ‘सीआरएम’ या सॉफ्टवेअरमध्ये असतात. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणती नोंद दिसावी आणि त्या नोंदीतला कोणता रकाना झाकलेला असावा, हे त्यात ठरवता येते. सेल्सफोर्स या प्रसिद्ध प्रणालीत ग्राहकाची नोंद फक्त ती हाताळणाऱ्याला आणि त्याच्या वरिष्ठांना दिसेल, अशी मूळ रचना ठेवता येते. तिथले वाटपाचे नियम नोंदी आणखी लोकांना खुल्या करतात, मूळ मर्यादेपेक्षा बंद करत नाहीत. त्यामुळे सुरुवातच बंद दाराने करावी लागते. आपल्याकडे नेमके उलटे होते. ‘काम अडायला नको’ म्हणून सगळ्यांना सगळे दिसते, आणि वर एकच पासवर्ड चौघांत फिरतो.

चूक झाली तर?

17 मे 2019 रोजी सेल्सफोर्सच्याच एका तांत्रिक बदलामुळे काही ग्राहक कंपन्यांतील कर्मचाऱ्यांना नको तेवढे अधिकार मिळाले. ते आवरण्यासाठी कंपनीला आपल्या सेवेचा मोठा भाग काही तास बंद ठेवावा लागला. ही निदान चूक होती. कॉइनबेस या अमेरिकी क्रिप्टो कंपनीच्या प्रकरणात, जे मे 2025 मध्ये उघड झाले, परदेशातील ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांना लाच देऊन 69,461 ग्राहकांची माहिती काढण्यात आली. पासवर्ड गेले नाहीत. पण नाव, पत्ता, फोन क्रमांक हाती असला की ‘आम्ही कंपनीतूनच बोलतोय’ असे सांगून लुबाडणे सोपे जाते. चोरट्यांनी कंपनीकडे 2 कोटी डॉलरची खंडणीही मागितली. कंपनीने ती दिली नाही. त्या कर्मचाऱ्यांना आपल्या कामासाठी नोंदी पाहण्याची मुभा होतीच. अशा वेळी एका माणसाला दिवसभरात किती नोंदी उघडता येतात, पूर्ण यादी उतरवून घेता येते का आणि कोणी काय पाहिले याची नोंद राहते का, हे प्रश्न निर्णायक ठरतात.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 नुसार माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत प्रवेशावर नियंत्रण ठेवणे आणि कोणी काय पाहिले याच्या नोंदी जपणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. मात्र त्यासाठी त्यांना 18 महिन्यांची मुदत मिळाली आहे. कायद्यात ग्राहकाला आपली माहिती इतर कोणत्या कंपन्यांना दिली, हे विचारण्याचा हक्क आहे. त्याच कंपनीतल्या किती जणांनी ती उघडून पाहिली, हे विचारण्याची सोय मात्र त्या तरतुदीत नाही.