घर घेताना वकील कोणाचा?



घर घ्यायचे ठरले की आपल्या घरात हिशेब सुरू होतो. पी.एफ. मधून किती निघेल, बँक किती देईल, दागिने मोडावे लागतील का. वकिलाचे नाव या हिशेबात नसते. ते निघते टोकन देऊन झाल्यावर, आणि पुष्कळदा भांडण उभे राहिल्यावर. गेली काही वर्षे रविवारी लोक कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. मी वकील नाही, कारकून आहे. पण कागद वाचायची सवय आहे. लोक जे वारंवार विचारतात, त्याची उत्तरे आज एकत्र देत आहे.

पहिला प्रश्न ठरलेला: "साहेब, बिल्डरचा वकील आहे ना, मग दुसरा कशाला?" बिल्डरचा वकील बिल्डरची फी घेतो आणि बिल्डरचे हित पाहतो. त्यात त्याचा दोष नाही, तो त्याचा धंदा आहे. करारनाम्याचा मसुदा त्यानेच केलेला असतो. ताबा उशिरा मिळाला तर काय, हप्ता चुकला तर व्याज किती, पार्किंग कोणाचे, ही कलमे त्याने कोणाच्या सोयीने लिहिली असतील ते सांगायला नको. इंग्लंडात घर घेणाऱ्याचा सॉलिसिटर वेगळा आणि विकणाऱ्याचा वेगळा, ही रीतच आहे. आपल्याकडे सॉलिसिटर म्हटले की मुंबईतल्या फोर्टमधल्या मोठ्या पेढ्या आठवतात व माणूस दबकतो. एवढ्या लांब जायची गरज नाही. तालुक्याच्या वा उपनगराच्या कोर्टात मिळकतीची कामे करणारा चांगला वकील पुरतो. मात्र तो आपण नेमलेला असावा.

दुसरा प्रश्न: "बँकेने कर्ज मंजूर केले, म्हणजे कागद स्वच्छच ना?" बँकेचा वकील बँकेच्या वसुलीपुरते पाहतो. मालकी हक्कात खोट निघाली, तरी हप्ता तुमच्या पगारातून जायचा थांबत नाही.

मग आपला वकील करतो काय? तो सर्च घेतो. दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक 2 ची, सातबाऱ्याची किंवा मालमत्ता पत्रकाची आणि जुन्या फेरफारांची साधारण तीस वर्षांची तपासणी करून तो लेखी अहवाल देतो. गहाण आहे का, वारसांत कोणी सही न केलेली बहीण आहे का, कोर्टात दावा आहे का, हे त्यात यावे लागते. गरज वाटल्यास वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा टायटल रिपोर्ट असतो, तो जरूर पाहावा. पण तो बिल्डरने दाखल केलेला असतो, हे विसरू नये.

या ठिकाणी आपल्या लोकांनी विशेष सावध राहावे असा एक भाग आहे, तो म्हणजे वतनाची जमीन. 1928 साली डॉ. बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली व जमिनी रक्कम भरून घेऊन वतनदारांना परत दिल्या गेल्या, पण नवीन शर्तीने. आज अशा सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-2' असे असते आणि जुन्या फेरफारात '6ब' किंवा 'महार वतन' असा उल्लेख सापडतो. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी न घेता व नजराणा न भरता अशी जमीन घरे बांधण्यासाठी विकली, तर तो शर्तभंग होतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. शहराभोवतालच्या गावांत अशा जमिनींवर प्लॉट पाडून विकले जातात. विकणारा आपलाच भाऊबंद असतो, त्याच्याकडून जमीन कवडीमोलाने लिहून घेतलेली असते, आणि प्लॉट घेणाराही आपलाच कामगार असतो. मधला दलाल मात्र दोन्हीकडून पैसे घेऊन मोकळा. एका गृहस्थाने निवृत्तीची सारी रक्कम अशा प्लॉटमध्ये घातली. घर बांधले, वीज आली, घरपट्टीची पावतीही आली. सातबाऱ्यावर नाव मात्र लागेना. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, हे त्यांना तेव्हा समजले. टोकनआधी सातबारा व जुने फेरफार वकिलाला दाखवले असते, तर हे एका बैठकीत उघडे पडले असते.

"नोटरी करून दिलेय, चालेल का?" नाही. पूर्वी शंभराच्या आणि आता पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरीचा शिक्का मारून घरे विकली जातात. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, असे 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. झोपडपट्टी पुनर्वसनातील घरांना तर ठरावीक मुदतीपर्यंत विक्रीबंदी असते, तरी ती नोटरीवर फिरतातच.

टोकन किती द्यावे? वकिलाने कागद पाहेपर्यंत शक्यतो काहीच नाही. रेरा कायद्याखालील प्रकल्पात नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याची बिल्डरला मनाई आहे. जे द्याल ते चेकने द्या.

वकिलाची फी आधी लेखी विचारावी, त्यात लाजू नये. सर्च, करारनामा तपासणे आणि नोंदणीच्या दिवशी हजर राहणे, यांचे वेगवेगळे किती ते विचारावे. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी सरकारची. तिचे चलन आपल्या हाती हवे. "सगळे मिळून एवढे द्या" म्हणणाऱ्याकडे जाऊ नये. भगिनींसाठी एक गोष्ट: 2021 पासून राहते घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. दागिने तिचे मोडायचे आणि नाव मात्र त्याचे, असे का असावे? कर्ज नवऱ्याच्या नावे असेल, तर बँकेला आधी विचारून घ्यावे एवढेच.

फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. 1987 च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. बौद्धांनाही तो हक्क आहे, कारण 1990 च्या दुरुस्तीने ते अनुसूचित जातींत आले आहेत. जातीचा दाखला बरोबर न्यावा.

शेवटचा प्रश्न जरा कडू आहे. वकिलानेच हलगर्जी केली तर? ग्राहक मंचाचा रस्ता 2024 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाला. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करता येते, नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा करता येतो. दोन्ही वाटा लांबच्या आहेत. म्हणून सर्च रिपोर्ट वकिलाच्या सहीशिक्क्यानिशी घ्या, फीची पावती घ्या, आणि दोन्ही कागद खरेदीच्या दस्ताबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवा.

सोसायटीच्या नावे जमीन न झालेल्या इमारतींविषयी, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाविषयी, पुढील अंकी लिहीन.