'ऐच्छिक' म्हणजे 'तुमचं तुम्ही बघा' नव्हे

मंडळी, आमच्या धंद्यात एक लाडकं वाक्य आहे. "हे हार्डवेअर सगळ्यांकडे नसतं, मग त्याचा कॉल ओएसमध्ये कशाला? ज्याने विकलं तो बघेल." ठाण्याला ऑफिसखालच्या टपरीवर महिन्यातून एकदा तरी हे ऐकतो आणि दर वेळी डोकं फिरतं. कारण हा प्रयोग चाळीसेक वर्षांपूर्वी करून झालाय, आणि त्याचं बिल मराठीनेही भरलंय.

सीपी/एम घ्या. गॅरी किल्डॉलने सत्तरच्या दशकात लिहिलेली आठ-बिटी मशीनची ओएस. हार्डवेअरशी बोलणारा भाग बायोसमध्ये, आणि त्याच्या तोंडाशी जंप टेबल, एकेक नोंद ३ बाइटची. त्यात कागदी पट्टीच्या रीडरला आणि पंचला राखीव जागा होती! रीडर नसेल तर? नमुना कोडमध्येच उत्तर होतं: कंट्रोल-झेड, म्हणजे 'फाइल संपली', परत करा. नसलेल्या यंत्राचा खर्च १० बाइटसुद्धा नाही. तेव्हा "६४ के मेमरीत हे परवडणार कसं?" असं मला सांगू नका.

आणि घड्याळ? सीपी/एम २.२ मध्ये तारीख विचारायचा कॉलच नाही. मग घड्याळाचं कार्ड बनवणाऱ्या प्रत्येकाचा पोर्ट वेगळा, तऱ्हा वेगळी. हिशेबाचा प्रोग्राम लिहिणारा बिचारा काय करणार? गिऱ्हाईकालाच तारीख टाइप करायला लावणार. १०४ आणि १०५ नंबरचे कॉल सीपी/एम प्लसमध्ये आले, तोवर आयबीएम पीसीने बाजार खाल्ला होता.

डॉसचं उलट. १९८१ च्या पीसीत बॅटरीवरचं घड्याळ नव्हतं, पण तारखेचा कॉल होता. कार्डवाल्याने बूट होताना एकदा डॉसला वेळ सांगायची, की बाकी प्रोग्रामना कार्ड कुणाचं याच्याशी देणंघेणं नाही.

आता पुण्याला येऊ. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान सी-डॅकने (स्थापना १९८८) पुढे नेलं. पीसीत कार्ड खोचायचं, की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्राममध्ये देवनागरी दिसायला लागायची. काम कमालीचं होतं, त्याबद्दल वाद नाही. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने इस्की हे मानक काढलं: आयएस १३१९४. खालचे १२८ कोड इंग्रजीचे, वरच्या भागात आपल्या लिप्या, सोबत इनस्क्रिप्ट की-बोर्ड. पण "बाबा रे, तुझ्याकडे देवनागरीची सोय आहे का? असली तर हे जोडाक्षर पडद्यावर किती घरं खाणार?" हे प्रोग्रामने मशीनला कसं विचारायचं, हा त्या मानकाचा विषयच नव्हता. डॉस ३.३ ने १९८७ मध्ये कोडपेजची सोय दिली, पण तिथे एक बाइट म्हणजे एक चौकोन. 'क्ष्म' बसवा बघू त्यात!

कुणी म्हणेल, मायक्रोसॉफ्टने आपलं ऐकलं असतं का? नसेलही. पण परवानगी हवी कुणाला? लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने १९८५ मध्ये जादा मेमरीच्या कार्डांसाठी एक इंटरप्ट नंबर ठरवला, तो डॉसच्या स्वतःच्या कॉलमध्ये नव्हताच. जपानमध्ये कांजीचं हार्डवेअर कंपनीगणिक वेगळं होतं. १९९० च्या डॉस/व्हीने साध्या व्हीजीएवर कांजी आणली, आणि पडद्याची मेमरी कुठे आहे ते एका व्हिडिओ कॉलने विचारायची सोय ठेवली. (कॉल मूळचा आयबीएमच्या टॉपव्ह्यूचा.) अशी सोय मशीनवर असेल तर नवा पत्ता मिळतो, नसेल तर तुम्ही दिलेलाच पत्ता जसाच्या तसा परत. एकच प्रोग्राम दोन्हीकडे चालतो. अहो, एवढंच तर मागतोय मी! इस्कीला एक परिशिष्ट, एक नंबर, आणि 'नाही' हे उत्तर कसं द्यायचं ते.

ते झालं नाही. विंडोज आल्यावर कार्डं मागे पडली, आणि मशीनला विचारायची सवयच नसलेल्या प्रोग्रामांनी अक्षरं साठवायचं सोडून अक्षरांचे आकार साठवले. ज्याचा फॉन्ट त्याचे कोड. देवनागरी थेट विंडोजमध्ये यायला विंडोज २००० उजाडावं लागलं. तरी पुढे कित्येक वर्षं मराठी वृत्तपत्रांच्या साइटवर 'आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या' ही पाटी होतीच. आठवतंय ना?

सध्या डोंबिवलीतल्या एका संस्थेच्या जुन्या सभासद याद्या युनिकोडमध्ये आणतोय, फुकट, शनिवार-रविवार घालवून. इस्कीतली फाइल अर्ध्या तासात झाली. दुसरी फॉन्टच्या कोडात आहे, आणि तो फॉन्ट विकणाऱ्याने तक्ता द्यायला साफ नकार दिला. म्हणून छापील प्रतीशी ताडून एकेक आकार ओळखतोय. 'श्र'चे तुकडे तीन ठिकाणी सापडलेत. रफारात अजून अडकलोय.