गोळी कोणती, प्रमाण किती?

कपाशीला पाते लागले की कामरगाव शिवारात कामगंध सापळे लागतात. दुकानदार देईल ती गोळी आपण टांगतो, हे काही बरं नाही भाऊ. गुलाबी बोंडअळीच्या गॉसीप्लुरमध्ये दोन घटक निम्मे-निम्मे असतात. घाटेअळीच्या हेलील्युरमध्ये एक ९७ टक्के, दुसरा फक्त ३. पण त्या ३ टक्क्यांशिवाय नर पतंग नीट येत नाही. अमेरिकेत १९६६ साली पाइनची साल पोखरणाऱ्या भुंग्यातही हेच दिसलं. तीन वास सुटे सुटे फिके, एकत्र केले की भुंगे धावले.

म्हणून एका सापळ्यात दोन किडींच्या गोळ्या कोंबू नका. सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणी, हा हिशोब गोळीच खराब असली तर कसा जमणार? सापळा रिकामा अन् बोंडात अळी! पाकिटावर घटकांचं प्रमाण आणि मुदत छापलीच पाहिजे. नसेल तर घेऊच नका.