साहाय्यक कोणाच्या हातून घ्यावा?

दिवाळी सरली की आमच्या रेडीच्या किनाऱ्यावर आणि तेरेखोल नदीपलीकडच्या केरी, हरमल, मांद्रे या गावांत पाहुण्यांची वर्दळ सुरू होते आणि तिच्याबरोबर पंचकर्म-साहाय्यकांची मागणीही वाढते. कोकण रेल्वेने केरळातून मुले-मुली येतात, चार-पाच महिने राहतात आणि ऊन तापू लागले की दुसरीकडे जातात. त्यांना पाठविणाऱ्या एजन्सीही आता पुष्कळ झाल्या आहेत. हंगामी साहाय्यक घेणे गैर आहे, असे आमचे म्हणणे नाही. दोन द्रोणींच्या केंद्राला बारमाही माणसे ठेवणे परवडत नाही. परंतु ही माणसे ज्याच्या हातून घ्यावयाची, त्याची पारख आपण कशी करतो, याविषयी वैद्यबंधु-भगिनींशी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक वाटते.

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादांत परिचारकाला स्थान दिले आणि उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे चार गुण त्याच्या ठायी अपेक्षिले. विद्यार्थिदशेत आपण हे पाठ केले, परीक्षेत लिहिलेही. प्रत्यक्षात मात्र ऐन नोव्हेंबरात एजंटाला दूरध्वनी करून आपण एकच प्रश्न विचारतो: "माणूस कधी पोचेल?"

आम्हीही तेच केले. पाच दिवसांत मुलगी आली. सोबत पंचकर्माच्या प्रमाणपत्राची छायाप्रत होती. आमवाताच्या एका वृद्ध रुग्णेचे सांधे सुजलेले होते, सामावस्था स्पष्ट होती, म्हणून आम्ही केसपेपरवर वालुकास्वेद लिहिला. (रेडीत वाळूला काय तोटा!) त्या मुलीने मात्र तेल गरम करून सर्वांगाला अभ्यंग केला. रात्री वेदना व सूज इतकी वाढली की बाईंना कूस बदलणे अशक्य झाले. चौकशीअंती कळले, की तिचे शिक्षण काही आठवड्यांच्या मसाजचे होते आणि वालुकास्वेद हा शब्द तिने ऐकलेलाही नव्हता. मग विचारले का नाही? मूळ प्रमाणपत्रे एजंटाकडे अडकलेली, आम्ही दिलेल्या मानधनातील निम्मेही तिच्या हाती पडत नव्हते. "येत नाही" म्हटले तर परत पाठवतील, ही धास्ती. दोष तिचा थोडा, एजंटाचा बराच, आणि शेजारच्या खोलीत असूनही न पाहणाऱ्या आमचा सर्वांत अधिक.

तेव्हापासून आमचे मत बनले आहे, की जी एजन्सी साहाय्यकाला धाकात ठेवते, ती रुग्णालाही सुरक्षित ठेवू शकत नाही. त्यामुळे दर विचारण्यापूर्वी आम्ही तीन गोष्टी पाहतो: मूळ कागदपत्रे साहाय्यकाच्याच हाती आहेत काय, मानधन थेट त्याच्या बँकखात्यात गेलेले चालते काय, आणि आधीच्या केंद्रातील वैद्यांशी आम्हांस बोलू दिले जाते काय. एजन्सीच्या दुकान-नोंदणीच्या दाखल्यावर कोणी विसंबू नये. त्याने पंचकर्माची जाण सिद्ध होत नाही. प्रमाणपत्राविषयीही तेच. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेच्या चेरुतुरुत्ती येथील संस्थेत तंत्रज्ञांचा वर्षभराचा अभ्यासक्रम चालतो, आणि महिन्याभरात छापून मिणारे कागदही बाजारात आहेत. दोहोंवर 'पंचकर्म' हाच शब्द असतो. पहिल्या दिवशी पत्रपिंडाची पोटली बांधावयास सांगावी. दहा मिनिटांत कळते.

याहून महत्त्वाचे म्हणजे एजन्सी आपल्याला काय विचारते. स्त्री-साहाय्यकेची निवासव्यवस्था कोठे आहे, दिवसाला किती उपक्रम करावे लागतील, पुरुष रुग्णांसाठी पुरुष साहाय्यक आहे ना, हे जिला विचारावेसे वाटत नाही तिच्याशी व्यवहार करू नये. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार दहा वा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान केंद्रातील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. परगावाहून आलेल्या मुलीला हे कोणी सांगते काय? आम्ही तरी सांगतो काय?

आपल्याकडे शिकून आखाती देशांत जाऊ पाहणाऱ्या मुलांचीही गाठ अशाच एजंटांशी पडते. तेथे निदान कायदा स्पष्ट आहे. १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट नोंदणीकृत असावा लागतो. त्याचा नोंदणी क्रमांक शासनाच्या 'ई-मायग्रेट' यादीत पडताळता येतो. सेवाशुल्क तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी याहून अधिक घेता येत नाही. "पर्यटक व्हिसावर जा, पुढचे तेथे पाहू" असे कोणी म्हटले, की त्या मुलाला तेथूनच घरी पाठवावे.

यंदा आम्ही श्रावणातच दोन एजन्सींना पत्रे लिहिली. एकीचे उत्तर त्याच दिवशी आले: आठवड्यात दोन माणसे, दरात सवलत. दुसरीने आठ दिवसांनी उलट विचारले, की तुमच्याकडे रोज शिरोधारा किती होतात आणि मुलगी झोपणार कोठे. तिला साहाय्यिका पाठवावयास मार्गशीर्ष उजाडेल. तोवर एक द्रोणी रिकामी राहील आणि सकाळचा अभ्यंग आम्हीच करू.